पाणंदीची फळी : ट्रॅक्टरच्या पाठीमागे की पोटाखाली?

ऊस तयार आहे, कारखान्याची तोड आली आहे, टोळीही फडात उतरली आहे. पण भरलेली ट्रॉली डांबरी रस्त्याला लागत नाही. मधे अर्धा मैल पाणंद आहे. इचलकरंजीची वेस ओलांडून चंदूर, रुई, इंगळीकडे जावे किंवा पलीकडे शिरढोण, टाकवडेच्या शिवारात जावे, हंगामात हे दृश्य ठरलेले. एका ट्रॉलीला दोन ट्रॅक्टर जोडायचे, दोन्ही घसरायला लागले की जेसीबीला निरोप धाडायचा, आणि तोवर तोडलेला ऊस उन्हात वाळत ठेवायचा. ऊस वाळला की वजन घटते आणि घट बसते ती शेतकऱ्याच्याच काट्यावर. ट्रॉलीमागचा खर्च वेगळा, टोळीची बोलणी वेगळी.

पाणंद खराब होते ती पाण्याने. आपली नदीकाठची काळी जमीन पाणी प्याली की फुगते, लोण्यासारखी मऊ होते आणि वाळली की भेगाळते. दोन ट्रॉल्या मिळून पंधरा-वीस टनांचे ओझे त्यावरून गेले की चाकोरी पडते. चाकोरीत पाणी साठते, त्या पाण्याने तळ आणखी मऊ होतो, पुढची ट्रॉली चाकोरी आणखी खोल करते. मधला उंचवटा मग ट्रॅक्टरच्या पोटाला लागायला लागतो. त्यात २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर. पंचगंगेने कुठे पाणंदीवर गाळ आणून टाकला, कुठे पाणंदीचीच माती उचलून नेली.

यावर गावोगाव उपाय एकच. पाच-सात वर्षांतून एकदा निधी येतो, मुरमाच्या खेपा पडतात, जेसीबी त्या पसरतो, नारळ फुटतो. पहिल्या पावसाळ्यात मुरूम चिखलात बसतो आणि दुसऱ्या हंगामात पुन्हा चाकोरी. मधल्या काळात पाणंदीकडे कुणी बघत नाही. 'व्हतंय की, बघू पुढच्या सालाला' म्हणून विषय सुटतो. वास्तविक मातीचा रस्ता वर्षातून दोनदा हलक्या हाताने खरवडून, मधे उंच आणि कडेला उतरता ठेवला, तर तोच मुरूम कितीतरी जास्त टिकतो. या कामाला जेसीबी लागत नाही. गल्लोगल्ली उभा असलेला पंधरा ते चोवीस अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर पुरतो. प्रश्न आहे तो त्याला फळी कुठे लावायची याचा.

एसटीतली मागची सीट

छोटे ट्रॅक्टर आपल्या भागात आले ते उसाच्या आंतरमशागतीसाठी. सरी चार-पाच फुटांवर गेली, बैलजोडी सांभाळणे परवडेना, वाटण्या होऊन शेत गुंठ्यांवर आले. महिंद्रा युवराज, स्वराज ७१७, व्हीएसटी शक्ती, कुबोटा निओस्टार ही नावे आता शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. या ट्रॅक्टरबरोबर लेव्हलर किंवा फळी म्हणून जे मिळते ते जवळजवळ सगळे पाठीमागे, हायड्रोलिकच्या तीन पॉइंटला लावायचे. आंबवणीला माती ओढायला, खताचा ढीग सारायला ते बरे आहे. पण याच फळीने रस्ता करायला गेले की रस्ता सपाट होण्याऐवजी त्यावर लाटा उठतात. अनेकांना हा चालकाचा दोष वाटतो. तो चालकाचा नाही, जागेचा आहे.

एसटीत मागच्या सीटवर बसलेला माणूस खड्ड्यात टपाला डोके आपटून घेतो आणि मधल्या सीटवरचा खुशाल झोप काढतो, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. मागची सीट चाकाच्याही मागे लोंबकळत असते, म्हणून तिला धक्का दीडपट बसतो. पाठीमागची फळी ही एसटीची मागची सीट समजावी.

आकड्यांत बघू. समजा छोट्या ट्रॅक्टरच्या पुढच्या आणि मागच्या आसांत पाच फूट अंतर आहे आणि फळी मागच्या आसाच्या तीन फूट मागे, एका उंचीवर धरलेली आहे. पुढची दोन्ही चाके चार इंचाच्या उंचवट्यावर चढली की ट्रॅक्टरचे नाक वर होते आणि मागची फळी सुमारे अडीच इंच खाली जाते, म्हणजे नको तिथे जमीन खोदते. पुढे मागची चाके त्याच उंचवट्यावर चढली की फळी जवळजवळ साडेसहा इंच उचलली जाते आणि खोदलेली सगळी माती तिथेच सोडून देते. एका उंचवट्यापायी एक खड्डा आणि एक ढीग असे दोन नवे वैरी तयार झाले. पुढच्या फेरीत चाके या खड्ड्यांतून जातात आणि लाट वाढत जाते. लिफ्ट मोकळी सोडली तर फळी जमिनीवर लोळते खरी, पण तेव्हा ती फक्त स्वतःच्या वजनाने दाबते. घट्ट उंचवटा कापण्याऐवजी त्यावरून घसरून जाते.

तीच फळी पुढच्या आणि मागच्या चाकांच्या बरोबर मधे, ट्रॅक्टरच्या पोटाखाली लावली तर? पुढची चाके चार इंच चढली, तर फळी दोनच इंच उचलली जाते. मागची चढली, तरी दोनच इंच. शिवाय ती उचलली जाते तेव्हा ट्रॅक्टरही पुढे सरकलेला असतो. त्यामुळे माती अचानक न टाकता लांबवर पातळ पसरते. पहिल्या फेरीत चार इंचाचा उंचवटा निम्म्यावर येतो, दुसऱ्या फेरीत त्याच्याही निम्म्यावर. चाकेच आता सुधारलेल्या रस्त्यावरून जात असल्याने प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा चांगली होते. मागच्या फळीत नेमके उलटे घडते.

दुसरा फायदा चालकाचा. फळी त्याच्या पायांपुढे दिसते. किती कापतेय, माती कुठल्या बाजूने निसटतेय हे मान न वळवता कळते. दिवसभर मागे वळून बघत ट्रॅक्टर चालवणाऱ्याची मान आणि कंबर काय म्हणते ते त्यालाच विचारावे.

ही युक्ती नवी नाही

सार्वजनिक बांधकाम खात्याचा पिवळा मोटर ग्रेडर ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे ओळखीचे वाटेल. त्याची लांबलचक फळी पुढच्या चाकांच्या आणि मागच्या चाकांच्या मधेच असते. अमेरिकेतील कॅटरपिलर कंपनीने १९२८ मध्ये रसेल ही ग्रेडर बनवणारी कंपनी घेतली आणि १९३१ मध्ये 'ऑटो पेट्रोल' नावाचा ग्रेडर आणला. त्याआधीचे बरेच ग्रेडर घोड्यांनी किंवा ट्रॅक्टरने ओढायचे. हा स्वतःच्या इंजिनावर चालणारा, एका सांगाड्याचा. आज जगभर चालणारे ग्रेडर त्याच धाटणीचे आहेत. पुढे तिकडे घराभोवतीच्या बागेसाठी छोटे ट्रॅक्टर निघाले, त्यांनाही कंपन्या पोटाखाली बसणारी छोटी फळी देऊ लागल्या. खडीची वाट सारखी करायला, अंगण सपाट करायला ती वापरतात. आपल्याकडे छोटा ट्रॅक्टर आला, ती फळी मात्र आली नाही.

याहून जुनी आणि आपल्याला जास्त जवळची गोष्ट डी. वॉर्ड किंग या मिसुरी राज्यातील शेतकऱ्याची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने ओंडका उभा चिरून त्याचे दोन अर्धे एकामागे एक जोडले, त्याला घोडे लावले आणि पाऊस उघडला की आपल्या दारापुढचा मातीचा रस्ता थोडा तिरका धरून ओढायला सुरुवात केली. रस्ता असा सुधारला की अमेरिकेच्या कृषी खात्याने १९०८ साली त्यावर शेतकऱ्यांसाठी पुस्तिका काढली. आपल्या मैंदाचीच ही तऱ्हा. आपल्या आजोबांनी मैंद ढेकळांवर फिरवला, त्याने रस्त्यावर, एवढाच फरक. या किंगचे म्हणणे साधे होते : रस्ता मोडल्यावर दुरुस्त करू नका, प्रत्येक पावसानंतर थोडा थोडा राखा.

वर्कशॉपमध्ये करून घेताना

इचलकरंजी-कोल्हापूर पट्ट्यात वेल्डिंग आणि फॅब्रिकेशनची वर्कशॉप कमी नाहीत. मागाचे सुटे भाग करणाऱ्या कारागिराला अशी फळी करणे अवघड नाही. पण काही गोष्टी आधीच ठरवून सांगाव्या लागतील, नाहीतर तो आपल्या मनाने जाडजूड लोखंड जोडून ट्रॅक्टरचे हाल करील.

पहिली गोष्ट उंचीची. छोट्या ट्रॅक्टरच्या पोटाखाली मोकळी जागा साधारण नऊ-दहा इंचच असते. त्यात एक फूट उंच फळी बसवली तर ती उचलायला जागाच उरत नाही आणि बांधावरून ट्रॅक्टर नेता येत नाही. म्हणून फळी पाच-सहा इंचांपेक्षा उंच नको. याच कारणाने ही फळी ढीग ढकलण्याच्या कामाची नाही, हेही ध्यानात घ्यावे. माती तिच्यापुढे साठली की ती वर चढून गिअरबॉक्सला घासते. तिचे काम खरवडण्याचे.

दुसरी गोष्ट लांबीची. या ट्रॅक्टरची बाहेरून बाहेर रुंदी तीन ते साडेतीन फूट असते. फळी नेहमी तिरकी चालवायची असल्याने तिची लांबी त्याहून जास्त हवी. चार फुटी फळी तीस अंशांनी तिरकी केली की कापते ती साडेतीन फूटच रुंदी. एवढी पुरे. मागच्या चाकाची खूण फळीने पुसली पाहिजे, नाहीतर प्रत्येक फेरीला नवी चाकोरी आपणच पाडू. उलट पाच फुटी फळी करून घेतली तर इंजिन गुदमरते आणि चाके जागेवर फिरतात.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ओढीची. मोटर ग्रेडरमध्ये फळी पुढच्या टोकापासून ओढली जाते. दांडे पुढे, ट्रॅक्टरच्या पुढच्या सपोर्टला अडकवावेत म्हणजे फळी मागे लोंबत येते आणि सरळ चालते. बऱ्याच ट्रॅक्टरांत इंजिन, क्लच हाउसिंग आणि गिअरबॉक्स हेच एकमेकांना बोल्टने जोडून सांगाडा झालेला असतो. क्लच हाउसिंगला भोके पाडून किंवा त्यावर वेल्डिंग करून फळी टांगणे म्हणजे कमरेत कुऱ्हाड घालणे. बिडाच्या घरावर वेल्डिंग धरतही नाही. कंपनीने आधीच दिलेल्या बोल्टच्या जागाच वापराव्यात. नवा ट्रॅक्टर असेल तर हमीच्या अटी आधी वाचून घ्याव्यात.

उचलण्यासाठी मागच्या लिफ्टपासून सळई किंवा साखळी पुढे आणता येते, किंवा साधा हाताचा दांडा आणि खाचांची पट्टी करता येते. खाचांची पट्टी स्वस्त आणि माझ्या मते जास्त भरवशाची. एकदा ज्या खाचेत ठेवली तिथेच फळी राहते. धारेला ट्रकचा जुना कमानपाटा कापून बोल्टने बसवावा. झिजला की उलटून किंवा बदलून घेता येतो. फळीच्या एका टोकाला मुद्दाम कच्चा बोल्ट ठेवावा. जमिनीत पुरलेल्या दगडाला फळी अडली तर बोल्ट तुटेल, ट्रॅक्टरचे काही मोडणार नाही.

एक इशारा. फळीत अडकलेला पाला, मुळ्या काढायला चालक खाली वाकतो तेव्हा इंजिन बंद आणि फळी जमिनीवर टेकलेली असलीच पाहिजे. मागची फळी निदान मोकळ्यावर असते. ही दोन चाकांच्या मधे असते. ट्रॅक्टर नुसता हातभर हलला तरी हात जातो.

वळवाच्या पावसाची वाट

पाणंदीचे काम कधी करायचे हे मातीच सांगते. ओल्या काळ्या मातीत फळी घातली की माती फळीला चिकटून गोळा होतो. कडक उन्हाळ्यात घातली की धार वरून घसरते किंवा ढेकळे उपटते. पाहिजे तो वापसा. साखरेचा हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत आटोपतो, पाणंद मोकळी होते. मेमध्ये वळवाचा एक चांगला पाऊस झाला की दोन-तीन दिवसांनी मातीला जो वापसा येतो, ती पहिली वेळ. दुसरी वेळ दसऱ्याच्या सुमारास, पाऊस ओसरल्यावर आणि कारखान्याचे गाळप सुरू होण्यापूर्वी. मेमधले काम पाणी काढून देण्यासाठी, दसऱ्याचे काम ट्रॉलीसाठी.

पाणंदीची चालती रुंदी दहा फूट धरू. मधला कणा कडेपेक्षा दोन ते अडीच इंच उंच ठेवायचा. एवढ्या उताराने पाणी कडेला जाते. याहून जास्त उतार केला तर भरलेली ट्रॉली एका अंगाला झुकते.

काम कडेकडून मधे करायचे. पहिली फेरी डाव्या कडेने, फळीचे पुढचे टोक कडेला आणि मागचे टोक मधल्या बाजूला ठेवून. कापलेली माती फळीवरून घसरत रस्त्याच्या मधल्या अंगाला पट्टीसारखी पडते. परतताना दुसऱ्या कडेनेही तसेच. मधे दोन पट्ट्या जमल्या की तिसऱ्या-चौथ्या फेरीत फळी थोडी उचलून त्या पसरायच्या. एका वेळी इंचापेक्षा जास्त कापायचे नाही. ट्रॅक्टर खालच्या पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालेल त्या वेगाने. वेग वाढवला की ट्रॅक्टर उसळतो आणि उसळला की पुन्हा लाटा.

खोल चाकोऱ्या मात्र अशा खरवडून बुजत नाहीत. वरून माती लोटून चाकोरी भरली तर ती पोकळ राहते आणि पहिल्या पावसात तिथेच खचते. आधी कल्टिव्हेटरने चाकोरी आणि मधला उंचवटा तीन-चार इंच उकरून घ्यावा, मग फळीने सारखा करावा आणि त्यावरून ट्रॅक्टर, रिकामी ट्रॉली फिरवून दाबून घ्यावे. दाबलेल्या मातीवर मुरूम टाकला तर तो टिकतो. चिखलावर टाकलेला मुरूम चिखलच खातो.

छोट्या ट्रॅक्टरचे वजन कमी, हीच त्याची अडचण. फळी जमिनीत रोवली की मागची चाके घसरतात. मागच्या टायरमध्ये पाणी भरणे किंवा चाकाला बिडाची वजने लावणे हा नेहमीचा इलाज इथेही चालतो. तरीही घसरले तर कापणी कमी करावी. रागाने ॲक्सिलरेटर दाबून काही होत नाही, टायर तेवढे झिजतात.

गटारीचे काम या फळीने होत नाही. दोन्ही कडेची चर कुदळ-फावड्याने किंवा छोट्या नांगराने काढावी लागते. आणि ती चर कुठे तरी ओढ्याला, नाल्याला लागली पाहिजे. रस्ता कितीही छान केला आणि गटारीचे तोंड बंद असले तर तो रस्ता म्हणजे लांबट तळे.

शेतात किती माती हलवणार?

पाणंदीवर जमले म्हणून कुणी ही फळी घेऊन शेत सपाट करायला निघाले तर आधी थोडा हिशेब करावा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. एका गुंठ्यावरून नुसता एक इंच थर काढायचा तर सुमारे ९१ घनफूट माती निघते, म्हणजे ब्रासला थोडी कमी. एकरभर एक इंच म्हणजे ३६ ब्रासच्या वर. वजन केले तर शंभर टनांच्या कितीतरी पुढे. चार गुंठ्यांचा एखादा टेंगूळ तीन इंच उतरवायचा तरी अकरा ब्रास माती हलवावी लागेल. हे काम मोठ्या ट्रॅक्टरच्या केणीचे किंवा लेझर लेव्हलरचे आहे, आणि लेझर लेव्हलरला पन्नास अश्वशक्तीच्या आसपासचा ट्रॅक्टर लागतो. छोट्या ट्रॅक्टरने तिथे जीव काढू नये.

त्याचा उपयोग आहे तो नंतर. एकदा मोठे काम झाले की दर लागणीच्या आधी इंच-दीड इंचाचे उंचसखल काढत राहायला. नांगरट, सरी, खांदणी, ट्रॉलीच्या फेऱ्या यांनी शेत दर वर्षी थोडे थोडे बिघडतेच. महापुराने गाळाचे थर कुठे जास्त, कुठे कमी टाकले असतील तर तेही वाळून वापश्यावर आले की या फळीने पसरता येतात.

हे इंच-दीड इंच आपल्या भागात फार महागात पडतात. शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांत पाणी भरपूर, जमीन भारी, निचरा कमी, आणि क्षारपड वाढत गेलेली. खोलगट जागेत पाणी साठून मुळे गुदमरतात, हे सर्वांना दिसते. न दिसणारी गोष्ट अशी की क्षार बऱ्याचदा उंच टेंगळावर जमतात. तिथे पाणी पोहोचत नाही, खालून चढलेली ओल तिथून उडून जाते आणि मीठ वर राहते. टेंगळाला पाणी पोहोचावे म्हणून शेतकरी पाट जास्त वेळ सोडतो आणि खोलगट जागा आणखी बुडते. दोन्हीकडून नुकसान. शेत एकसारखे असले तर थोड्या पाण्यात सगळीकडे भिजते.

सरीला शंभर फुटांत दोन ते साडेतीन इंच उतार भारी जमिनीत पुरतो. तो मोजायला यंत्र लागत नाही. गवंड्याकडची पारदर्शक पाण्याची नळी आणि दोन पट्ट्या घेऊन दोन माणसे सकाळच्या पहारी एकराची पातळी काढू शकतात. डोळ्यांवर विसंबू नये. उभ्या बांधामुळे आणि उताराच्या शेजारच्या शेतामुळे डोळा फसतो.

मात्र जमीन आधीच क्षारपड होऊन पांढरी पडली असेल, तर फळी फिरवून ती सुधारेल अशी आशा कुणी धरू नये. तिथे जमिनीखालून सच्छिद्र पाईप घालून निचरा करावा लागतो. शिरोळच्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याने सभासदांच्या जमिनींवर असे काम मोठ्या प्रमाणात हाती घेतले. पाईप घातल्यावरही शेत सारखे नसेल तर क्षार सारखे धुपून जात नाहीत. तिथे पुन्हा सपाटीकरणाचे काम येतेच.

गावकारभाऱ्यांसाठी

पाणंद कुणाची, हा वाद फळी फिरवण्याआधी मिटवावा. दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी दर नांगरटीला एकेक तास आत घेत पाणंद बोळ करून टाकल्याची उदाहरणे प्रत्येक गावात आहेत. गावनकाशा काढावा, तलाठ्यांकडून, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडून, हद्द समजून घ्यावी, आणि मग सर्वांच्या देखत खुणा रोवाव्यात. चालू वहिवाटीच्या रस्त्यात कुणी अडथळा केला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. रस्ताच नसेल आणि बांधावरून नवा हवा असेल तर जमीन महसूल अधिनियम १९६६ चे कलम १४३ आहे. पण कोर्टकचेरीने रस्ता मिळतो, शेजार मिळत नाही. ग्रामसभेत चार म्हाताऱ्यांना पुढे घालून मिटत असेल तर तेच बरे.

मुरूम कुठूनही उचलून आणता येत नाही. गौण खनिजाचा परवाना आणि वाहतुकीची पावती लागते, हे सरपंचांनी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी आधीच बघावे. चांगल्या कामात वाहने जप्त झाली की पुन्हा कुणी पुढे येत नाही.

पाणंदीसाठी शासनाने वेळोवेळी योजना काढल्या. नोव्हेंबर २०२१ मधली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना त्यांपैकी एक. तिच्यात रोजगार हमीच्या कामाची सांगड घातली होती. या योजनांचा भर नवा रस्ता करण्यावर असतो. केलेला रस्ता राखायचा कुणी, हे गावालाच ठरवावे लागते. एका पाणंदीवर वीस-पंचवीस खातेदार असले तर वर्षातून दोनदा ट्रॅक्टरचे डिझेल आणि चालकाचा रोज हा वर्गणीचा बोजा फार नाही. ज्याचा ट्रॅक्टर त्याच्यावर सगळे ढकलले तर तो एक वर्ष करील, दुसऱ्या वर्षी तोंड चुकवील.

अनुदानाच्या आशेवर मात्र या फळीसाठी थांबू नये. महाडीबीटीवर अवजारांना अनुदान मिळते ते तपासणी होऊन मान्य झालेल्या अवजारांना. वर्कशॉपमध्ये करून घेतलेल्या फळीला ते लागू होत नाही.

ज्यांना करून घेणे जमत नाही

पोटाखालची फळी करून घेणे प्रत्येकाला शक्य नाही. भाड्याने ट्रॅक्टर आणणाऱ्याला तर नाहीच. त्यांनी घरच्या मागच्या फळीतच थोडी सुधारणा करावी. फळीच्या मागे दोन छोटी मापचाके बसवून घेतली की फळी लिफ्टवर न लोंबता या चाकांवर टेकते. म्हणजे ती ट्रॅक्टरची मागची चाके आणि मापचाके यांच्या मधे येते, आणि पोटाखालच्या फळीसारखाच उंचवटा निम्मा करण्याचा गुण तिच्यात येतो. त्यासाठी टॉप लिंक ताठ न धरता तिला थोडी हालचाल ठेवावी लागते. फिरती फळी असेल तर शेवटच्या फेरीला ती उलटी करावी. पाठ पुढे करून ओढली की खोदत नाही, नुसती सारवते.

तेही नसेल तर मैंद आहेच. पाच-सहा फुटी जुने वासे किंवा रेल्वेचे टाकाऊ स्लीपर एकामागे एक दोन फुटांवर साखळीने बांधावेत, साखळीची एक बाजू आखूड ठेवावी म्हणजे ते आपोआप तिरके चालतात. पुढच्याला खालून लोखंडी पट्टी ठोकावी. बैलजोडीलाही ते ओढवते. वजन हवे असेल तर वर दगड ठेवावा, पोरांना उभे करू नये. धक्क्याने पोरगे पुढे पडले तर मैंद थांबत नाही. एवढ्यावर मिसुरीच्या शेतकऱ्याचे काम भागले. चंदूर-रुईच्या पाणंदीवर खोल चाकोऱ्या पडल्या असतील तिथे ते भागणार नाही. तिथे आधी कल्टिव्हेटर, मगच मैंद.